नवतपा आणि तीन पुड्या

गणपतीपुळ्याच्या एका खानावळीत समोर सुरमईचं ताट वाढलेलं आणि मी फोन कानाला लावून विचारतोय, "मोठी आई, मासे बरे आहेत नं?" सोलकढीची वाटी घेऊन आलेला पोरगा जागीच थांबला. गिऱ्हाईक कुणाकडे तरी तक्रार करतंय असं त्याला वाटलं असावं. बायकोनं टेबलाखालून पाय दाबला. तिकडून मोठी आई ओरडून बोलत होती. हजारेक किलोमीटरवर बोलायचं तर तेवढा आवाज लावायलाच हवा अशी तिची समजूत. "मस्त आहेत रे बापू! आत्ताच भात खाल्ला त्याहीनं. पोटभर खाल्ला!"

मला ते ऐकून बरं वाटलं. मी फोन ठेवला आणि सुरमईकडे वळलो.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीकडचं. हा तलावांचा मुलूख. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री 'माजी मालगुजारी तलाव' बनले. एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून झाले 'मामा तलाव'. बाहेरच्या माणसाला वाटतं, कुणाच्या तरी मामानं खणून दिलेत. तर अशा मामाच्या काठावर वाढलेल्या माणसाला मासा काही नवा नाही. पण मासोळी म्हणजे आमच्याकडे रस्सा. काचेच्या पेटीत सोडून, वर दिवा लावून, नुसती बघत बसायची मासोळी गावात कुणाला पटेना. घरी येणारा प्रत्येक जण दोन मिनिटं पेटीपुढं उभा राहायचा आणि मग ठरलेले दोन प्रश्न विचारायचा. केवढ्याला घेतली? आणि किती मोठी झाल्यावर कापता?

घेतली होती मंडईतून. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार नाहीतर नाटक. दिवसा पाळणे, जिलेबी, बांगड्या, प्लास्टिकच्या गाड्या. त्या वर्षी खेळण्यांच्या दुकानाला लागून एक जण दोरीला पाण्याच्या पिशव्या टांगून बसला होता आणि एकेका पिशवीत एकेक नारिंगी मासा गोल फिरत होता. लेक तेव्हा चौथीत. पाळणा नको, जिलेबी नको असं ती म्हणाली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. तीन पिशव्या घेऊन घरी आलो. विकणाऱ्यानं निघताना दोन सूचना दिल्या: दिवसातून तीनदा दाणे टाका, आणि पाणी रोज सगळं बदला. दोन्ही चुकीच्या होत्या. ते कळायला मला वर्षभर लागलं, आणि दोन मासे.

इंग्लंडात टिश नावाचा एक गोल्डफिश होता. तोही १९५६ साली असाच एका जत्रेत कुणा पोराला मिळालेला. तो मेला १९९९ मध्ये, ४३ वर्षांचा होऊन. हे मी लेकीला वाचून दाखवलं, तर तिनं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे मी आजी होईपर्यंत!" तिनं तिघांतल्या एकाचं नावही ठेवलं. त्याच्या डोक्यावर काळा ठिपका होता, म्हणून टिकली. बाकीचे दोघं बिननावाचेच राहिले. पुढं जे झालं ते पाहता, एका परीनं बरंच झालं म्हणायचं.

काचेचं भांडं लवकरच अपुरं पडलं. नागपूरहून तीन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच पेटी आणली. काठोकाठ भरली तर शंभर लिटरच्या वर पाणी. एक हवेचा पंप, एक स्पंजचा फिल्टर. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला या सगळ्यातलं कळतं अशी घरादाराची समजूत होती. माझीही होती.

आता मोठ्या आईबद्दल. ही माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. अंगण एक, चुली दोन. तिच्या घराला अजून मातीच्या भिंती आणि वर कवेलू, आमच्या घराला स्लॅब. धान बुडालं त्या सालांतलं तिचं लहानपण लाखोरीच्या डाळीवर आणि कण्यांच्या पेजेवर निघालेलं. त्यामुळे असेल, माणसाची विचारपूस करायची तिची एकच रीत आहे: जेवन झालं का? सकाळी नऊला भेटा, दुपारी चारला भेटा, प्रश्न तोच. नाही म्हटलं तर ताट. हो म्हटलं तर, "मंग थोडं आणखी घे." नळ दुरुस्त करायला आलेला माणूस, जनगणनेचा मास्तर, वाट चुकलेला ट्रकवाला, सगळे तिच्या ओसरीवर जेवून गेलेत.

अशा बाईच्या हातात मी माशांच्या डब्याची जबाबदारी देऊन गेलो.

विदर्भातल्या शाळांना उन्हामुळे जूनच्या अखेरीपर्यंत सुट्टी असते, म्हणून मेच्या शेवटी कोकणाचा बेत ठरला. नेमका नवतपा. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढचे नऊ दिवस, २५ मेपासून मोजायचे. तापमान ४५ च्या पुढं जातं आणि दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही. त्या उन्हापासून पळून समुद्राकडे जायचं, एवढाच बेत. निघायच्या आदल्या दिवशी मी पेटी साफ केली. पाहुणे येणार म्हणून बायका घर सारवतात ना, तशी. खडे चोळून धुतले, काचा लख्ख केल्या, फिल्टरचा काळा पडलेला स्पंज नळाखाली धरून इतका पिळला की शेवटी त्यातून स्वच्छ पाणी निघायला लागलं. नळाला त्या दिवशी टीसीएल पावडरचा भपकारा येत होता. पण तो तर येतच असतो.

मोठ्या आईला सांगितलं, रोज चिमूटभर. चिमूट हे माप कुणाच्या बोटांतलं आहे यावर असतं, हे मला सुचलं नाही. तिची चिमूट आठ माणसांच्या भाजीत मीठ टाकून तयार झालेली.

दाण्यांचा डबा तिसऱ्या दिवशीच संपला. मग भात सुरू झाला. मग पोळीचा चुरा. मधल्या निर्जळी एकादशीला तिनं स्वतः पाण्याचा थेंब घेतला नाही, माशांना मात्र साबुदाणा घातला. त्यांचा उपास मोडू नये म्हणून. गल्लीतली पोरं बघायला यायची, ती मूठमूठ मुरमुरे टाकून जायची. आणि मासे खायचे. सगळं खायचे. इथेच तर फसगत होते. गोल्डफिशला जठर नसतं. आपलं पोट भरतं तसं भरायला पिशवीच नाही, सरळ लांबलचक आतडं. दात आहेत, पण तोंडात नाही, घशात. तळाचा खडा तोंडात घ्यायचा, आत चाळायचा, थू करून टाकायचा, पुढचा घ्यायचा, हे दिवसभर चालू. माणूस दिसला की काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करायची. गोल्डफिशची आठवण तीन सेकंदांची असते म्हणतात, ते धादांत खोटं. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या लोकांनी तर २०२२ साली चाकांवरच्या टाकीत गोल्डफिश ठेवून त्याला ती गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत न्यायला शिकवली होती. पोचला की दाणा. तर कोणत्या लुगड्यामागून भात येतो हे आमच्या तिघांना कळायला अर्धा दिवसही लागला नसणार. मोठी आई आली की तिघंही उघड्या तोंडानं वर. आणि कुणी असं तोंड उघडून समोर उभं राहिलं तर हात मागं घेणं तिला जन्मात जमलेलं नाही.

आम्ही परत आलो तेव्हा दार उघडताच वास आला. पेटीतलं पाणी पेजेसारखं झालं होतं, पांढुरकं आणि गढूळ. दोन मासे कुशीवर तरंगत होते. टिकली पाण्याच्या अगदी वरच्या थरात तोंड लावून हवा ओढत होती आणि तिच्या शेपटीत लाल रेघा उमटल्या होत्या. बंद खोलीत, स्लॅबखाली, पाणी हाताला कोमट लागत होतं. मोठी आई पदराचं टोक तोंडाशी धरून उंबऱ्यात उभी.

"काल सांजपासून असेच करून रायले," ती म्हणाली. "अशक्तपणा आला असंन म्हणून मी आणखी घातलं."

मी दमलेलो होतो, दोन रात्रींचा प्रवास झाला होता, लेक रडत होती. हे सगळं खरं असलं तरी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हणालो, "खाऊ घालू घालू मारलेस तू त्यांना."

ती काही वेळ पेटीकडं पाहत राहिली. मग विचारलं, "खाऊन बी मरते काय कोणी?"

त्या रात्री तिनं आम्हाला जेवण झालं का, हे विचारलं नाही.

टिकली वाचली. रोज थोडं थोडं पाणी बदलत, दाणे बंद ठेवून, तीन आठवड्यांनी ती पुन्हा खाली जाऊन खडे चाळायला लागली. सोबत म्हणून नागपूरहून आणखी दोन आणले. डोक्यावरचा काळा ठिपका हळूहळू फिका होत होता. गोल्डफिशचे काळे डाग वयाबरोबर बहुधा जातात. हिवाळ्यापर्यंत तो गेलाच. नाव राहिलं. आणि मोठ्या आईनं मासे मारले, ही गोष्टही घरात राहिली. कुणी मुद्दाम काढायचं नाही, पण पाहुण्यांना पेटी दाखवताना बायको सहज सांगून जायची, आणि मी तिला थांबवायचो नाही.

जानेवारीत मी वर्गात नायट्रोजन चक्र शिकवत होतो. आमच्या भागात ते शिकवायला सोपं जातं, कारण धान उभं असतानाच बांधीच्या ओलीत लाखोरी फेकतात, आणि जानेवारीत कुणाच्याही बांधीतून लाखोरीचं रोप उपटून आणलं की मुळांवरच्या गाठी पोरांना हातात धरून दाखवता येतात. पुढं फळ्यावर बाण काढत गेलो. सडणाऱ्या वस्तूतून अमोनिया, अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू, नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे. मागच्या बाकावरून एका पोरीनं विचारलं, "सर, हे जिवाणू मासोळीच्या पेटीत बी असतात का?"

असतात, म्हणालो. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं अन्न सडून अमोनिया होतो, तो माशाला विषारी; जिवाणू त्याचं रूप बदलतात म्हणून मासा जगतो. "पेटीत कुठं राहतात, सर?" मी सांगायला तोंड उघडलं. स्पंजमध्ये. त्या काळ्या, गिळगिळीत, घाण दिसणाऱ्या स्पंजमध्ये. खडू हातातच राहिला.

म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी मी ज्याला मळ समजून नळाखाली पिळून काढलं, तो पेटीतला सगळ्यांत कामाचा जीव होता. उरलेसुरले टीसीएलनं मारले. ती पावडर असतेच जंतू मारायला, चांगला-वाईट जंतू तिला कुठून कळणार. ही वस्ती पुन्हा उभी राहायला महिना-दीड महिना लागतो. मी नऊ दिवस दिले, तेही नवतप्याचे. त्यात गरम पाण्यात आणि आमच्याकडच्यासारख्या अल्कलीकडे झुकणाऱ्या पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. मोठ्या आईचा भात नसता तरी मासे वाचले असतेच असं नाही. भातानं घाई केली, इतकंच.

आठ महिने मी हे तिच्या नावावर जमा करून ठेवलं होतं.

सांगायला आणखी महिना गेला. ती ओसरीवर सूप घेऊन लाखोरी पाखडत बसली होती. मी जिवाणूंपासून सुरुवात केली, मास्तरी सवय, आणि तिनं अर्ध्यातच थांबवलं.

"म्हंजे मी येकटीनं नाही मारले?"

"नाही."

"तू बी मारले?"

"जास्त मीच."

सूप दोनदा वर गेलं, दोनदा खाली आलं. फोलपटं उडाली. "बरं," ती म्हणाली, "मंग येक तुहा, येक माहा." आणि पाखडत राहिली. मला वाटलं होतं ती चिडेल, किंवा हसेल तरी.

पुढच्या उन्हाळ्यात पचमढी ठरली, तिथून जबलपूर, भेडाघाट. पुन्हा नऊ दिवस. या वेळी मी चार महिने आधीपासून कामाला लागलो. बाजारात सुट्टीसाठीची वडी मिळते. प्लास्टर ऑफ पॅरिससारख्या पांढऱ्या गोळ्यात दाणे कोंबलेले, पाण्यात हळूहळू विरघळते. रिकाम्या बादलीत टाकून पाहिली. चौथ्या दिवशी पाणी चुन्यासारखं, आणि तळाशी दाण्यांचा चिखल. बाद. मग सेलवर चालणारा दाणे टाकायचा डबा मागवला. त्याचा ढोल ठरल्या वेळी फिरतो आणि ठरलेले दाणे पाडतो. पण आमच्याकडे उन्हाळ्यात खोलीत कूलर, आणि कूलरच्या दमट हवेत दाणे फुगून ढोलाच्या तोंडाशी गच्च बसले. दोन दिवस काहीच पडलं नाही, तिसऱ्या दिवशी एकदम ढेकूळ. मोठ्या आईची चिमूट यापेक्षा बरी.

शेवटी सगळ्यात साधं उत्तर उरलं, म्हणजे न घालणं. धडधाकट, वाढलेला गोल्डफिश आठवडा-दोन आठवडे काही न खाता काढू शकतो. काचेवरचं शेवाळ, खड्यांतलं बारीकसारीक त्याला चालतं. मी आधी दोन दिवस दाणे बंद ठेवून पाहिलं, मग चार दिवस. बायको म्हणाली, "माशांना गुरुवार धरायला लावलेत तुम्ही." चौथ्या दिवशीही ते तसेच पोहत होते. तोंड उघडझाप तेवढी चालू होती, पण ती तर भर जेवणानंतरही चालूच असते.

तरी उन्हाळा होता. थंड पाण्यात माशाचं अंग मंद चालतं, गरम पाण्यात जास्त लागतं. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. म्हणजे लागतं जास्त आणि मिळतं कमी. हे सगळं मी काकाजींना सांगत होतो.

काकाजी म्हणजे तलावाच्या पाळीवरचे ढिवर. सत्तरीच्या आसपासचे. गावाच्या तलावात मत्स्यबीज सोडण्यापासून जाळं ओढण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. मी त्यांना बोलावलं होतं पंप बघायला, वीज गेली तर काय करायचं ते ठरवायला. ते पेटीपुढं उकिडवे बसले आणि बराच वेळ टिकलीकडं पाहत राहिले.

"ही आपल्या रोहूचीच बहीण दिसते जी, गुरुजी. शहरात देल्लेली."

शास्त्रानं पाहिलं तरी चूक नव्हती. रोहू, कतला, गोल्डफिश सगळे एकाच कुळातले. हजारेक वर्षांपूर्वी चीनच्या तळ्यांत राखाडी माशांत मधूनच तांबूस निघायचे, ते वेगळे काढून वाढवत नेले त्यातून ही जात आली. मी हे सांगितलं. काकाजींनी मान हलवली, जणू त्यांच्या पाहुण्यांतलीच गोष्ट.

प्राणवायूचे माझे आकडे त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "ढगाळ दिवशी आम्ही तलावात कोंडा-ढेप टाकत नाही."

"का?"

"हवा कमी राहते पान्यात. पहाटे मासोळ्या वर तोंड काढून रायतात. त्या टायमाले खाऊ घातलं का मरतात."

मी दहा मिनिटं जे फळ्यावरच्यासारखं मांडत होतो ते त्यांच्या एका वाक्यात होतं. ऊन नाही म्हणजे पाण्यातल्या हिरवळीकडून प्राणवायू नाही. आणि खाल्लेलं पचवायला माशाला तोच जास्त लागतो. आमच्या पेटीत हिरवळ ती काय, पण मी वाद घातला नाही. पंप बंद पडला तर काय, म्हणून विचारलं. ते हसले. बीज आणायचे तेव्हा हंड्यांतून आणायचे, म्हणाले, मैलोन् मैल, आणि वाटभर हातानं पाणी हलवत राहायचं. हात थांबला की बीज मेलं. पुढं प्राणवायू भरलेल्या पिशव्या आल्या. पण ती सवय हातात आहेच.

पेटी स्लॅबच्या खोलीतून हलवायची, हा निकालही त्यांचाच. एप्रिलमध्येच ती रिकामी करून मोठ्या आईच्या मातीच्या घरात नेली. फिल्टरचा स्पंज पेटीच्याच पाण्यात बुडवून, न पिळता. स्लॅबखाली दुपारी पाणी ३३ अंशांवर जायचं, मातीच्या भिंतीआड २९ च्या वर गेलं नाही. मी दिवसातून तीनदा थर्मामीटर घालून पाहायचो आणि मोठी आई म्हणायची, "ताप उतरला काय?"

निघायच्या आदल्या दिवशी मी काहीही साफ केलं नाही.

वर्तमानपत्राच्या कागदाच्या तीन पुड्या बांधल्या. नऊ दिवसांत तीनच. एकेका पुडीत माझ्या चिमटीनं मोजलेले दाणे, बाहेर पेनानं तारीख. डबा कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. पुड्या कुणाकडे द्यायच्या, याचा विचार करत मी अंगणात उभा होतो. काकाजींकडे दिल्या तर सोपं होतं. मोठी आई ओसरीवरूनच म्हणाली, "माह्यावर भरवसा नसंन तं दे त्याहीच्याजवळ." हातातलं काम थांबवलं नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही. मी जाऊन तिच्याच हातात दिल्या. तिनं तारखा वाचायला लावल्या, दोनदा, आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

पचमढीहून मी रोज फोन करायचो. मागच्या साली ओरडून ओरडून बोलणारी बाई या वेळी एकेका शब्दात आटपायची. मासे आहेत? आहेत. पाणी स्वच्छ आहे? आहे. सातव्या दिवशी फोन लागलाच नाही. आठव्या दिवशीही. टॉवर गेला असेल, बायको म्हणाली. मी भेडाघाटला संगमरवराच्या कड्यांमधून नावेत बसून चाललो होतो, नावाडी काहीतरी गमतीचं सांगत होता, सगळे हसत होते, आणि मला नर्मदेच्या त्या हिरव्या पाण्यात कुठल्या मासोळ्या असतील तेवढंच दिसत होतं.

सांजच्याला घरी पोचलो. अंगणातला कडुनिंब अर्धा मोडून पडलेला. थेट मोठ्या आईच्या खोलीत गेलो. पेटीतलं पाणी नितळ. तीन मासे. मला पाहून तिघंही काचेपाशी आले आणि तोंड उघडझाप करायला लागले. किंचित बारीक झाले होते, किंवा मला तसं वाटलं.

पेटीखालची जमीन मात्र खराब झाली होती. चारी बाजूंनी हातभर सारवण उखडून खालची माती वर आलेली, जणू कुणी तिथं दोन दिवस नळ सोडून ठेवला होता. मी विचारलं तर मोठी आई म्हणाली, "पानी सांडलं." शेजारच्या पोरानं बाकीचं सांगितलं. सातव्या दिवशी दुपारनंतर वादळ आलं, विजेचे खांब पडले, दीड दिवस लाईट नव्हती. मी ठेवून गेलेला सेलवरचा पंप संध्याकाळीच थकला. मग काकाजी आणि मोठी आई पाळीपाळीनं बसले. गडूनं पाणी वर काढायचं, खांद्याइतक्या उंचीवरून पेटीत धारेनं सोडायचं, पुन्हा काढायचं. रात्रभर, आणि दुसऱ्या दिवशी लाईट येईपर्यंत. काकाजींचा डोळा लागला की ती उठायची. पोरगं म्हणालं, "आजीचा हात सुजला होता."

"मला का नाही कळवलंस? लाईट आल्यावर तरी?"

"कळवून तू पयत आला असता," ती म्हणाली. "तू काय वेगळं केलं असतं?"

मी पेटीकडं पाहत राहिलो. टिकली तळाशी जाऊन एक खडा तोंडात घेत होती, चाळून टाकत होती. लेक जमिनीवर बसून काचेला नाक लावून तिघांची नावं घेत होती. या वेळी तिघांनाही नावं होती.

"पुड्या घातल्या?"

मोठ्या आईनं पदराची गाठ सोडली. आत एक पुडी होती, घडी न मोडलेली, घामानं कागद मऊ पडलेला, तारीख मात्र नीट वाचता येत होती. सातव्या दिवसाची.

"ही कशी राहिली?"

"ढग होते," ती म्हणाली, आणि भातावरचं झाकण काढायला चुलीकडं वळली.